मोर्चातला माणूस कळंबा कारागृहात गेला तर : जामिनाचा अर्ज, जामीनदार आणि कागदपत्रे

कोल्हापूरच्या दसरा चौकातून निघालेला मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर पोहोचतो, गेटवर रेटारेटी होते आणि रात्री धरपकड सुरू होते. पुढाऱ्याचा वकील आधीच ठरलेला असतो. मागच्या रांगेतल्या पोराच्या घरच्यांना मात्र सुरुवात कुठून करायची हेच माहीत नसते. ही माहिती त्यांच्यासाठी आहे.

आधी एफआयआरची प्रत मिळवा आणि कलमे वाचा. मनाई आदेशाचा भंग, बेकायदा जमाव (भारतीय न्याय संहिता, कलम १८९), दंगल (१९१), वाट अडवणे (१२६) ही कलमे जामीनपात्र आहेत. तेवढीच असतील तर पोलीस ठाण्यातूनही सुटका होते. माणूस आत राहतो तो बहुधा कलम १३२ मुळे, म्हणजे सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. पोलिसाला दुखापत झाली असेल तर १२१ लागते. दोन्ही अजामीनपात्र. त्यात कलम १९० जोडले, की दगड एकाने मारला तरी समान उद्देशाखाली सगळा जमाव आरोपी होतो. म्हणून जामीन अर्जात ‘आरोपी निर्दोष आहे’ एवढेच लिहून भागत नाही. एफआयआरमध्ये या माणसाने नेमके काय केले असे लिहिले आहे, की नुसते नाव आहे, हे वकिलांना ठळक मांडायला सांगा. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा, १९८४ लावला असेल, तर सरकार पक्षाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय जामीन होत नाही. एखादी तारीख जास्त जाईल असे धरून चला.

अटकेची माहिती नातेवाइकांना देणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन दिवस घालवू नका. हेल्पलाइन १५१००. माणूस कळंबा कारागृहात गेला असेल तर वकीलपत्रावर त्याची सही कारागृहामार्फत घ्यावी लागते.

अर्ज आधी दंडाधिकाऱ्यांकडे. तिथे फेटाळला तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातच सत्र न्यायालयात, आणि त्यापुढे उच्च न्यायालयात. त्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (खंडपीठ) कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर आहे.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला असे नाही. खरी अडचण इथून पुढे असते. आदेशातल्या रकमेचा जामीनदार उभा करावा लागतो. त्याचे आधार, रेशनकार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा लागतो : शेतकरी असेल तर ताजा सातबारा व आठ-अ, शहरातला असेल तर प्रॉपर्टी कार्ड आणि चालू घरफाळ्याची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक व ओळखपत्र. कुठे तहसीलदारांचा ऐपत दाखलाही मागतात. सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ एवढ्यावरून कागद परत येतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सेवा संस्थेच्या कर्जाचा मोठा बोजा असेल तर ऐपत कमी धरली जाऊ शकते. आधी किती जणांना जामीन राहिला, हेही जामीनदाराला लिहून द्यावे लागते. ते लपवू नका. शक्यतो दोन जामीनदार तयार ठेवा.

जामीनदार मिळतच नसेल तर रोख जामिनासाठी किंवा रक्कम कमी करण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन तशी आठवण लेखी द्या.

सुटकेच्या दिवशी घात होतो तो दुसऱ्या गुन्ह्याने. मोर्चा दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून गेला असेल तर दोन गुन्हे नोंद असू शकतात; एकात जामीन झाला की दुसऱ्यात ताबा घेतला जातो. आधीच चौकशी करून दोन्हीकडे अर्ज टाका.

तपास लांबला तर दिवस मोजा. दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून) ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पडला पाहिजे. एका दिवसाच्या उशिराने हा हक्क जातो.

बाहेर आल्यावर पोलीस ठाण्यातली हजेरी आणि न्यायालयाची तारीख चुकवू नका. वॉरंट निघाले तर जामीनदारही अडकतो. पुढे आंदोलनातले खटले मागे घेण्याचा शासन निर्णय निघाला, तरी खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलांनी अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. तो आदेश झाल्यावर प्रमाणित प्रत काढा, पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. नोंद अद्ययावत झाली नाही, तर भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा ‘प्रलंबित’ म्हणून पुन्हा समोर येतो.