लष्करीकरण आणि स्त्रियांचे रोजचे जगणे (गोवा)

युद्ध चालू नसतानाही जमीन, पाणी, वाटा, बाजार आणि घरातली कामे लष्कराच्या सोयीने ठरू लागतात, त्या प्रक्रियेला लष्करीकरण म्हणतात. स्त्रियांना ती वेगळ्या रीतीने भोगावी लागते. फिलिपिन्समध्ये सुबिकच्या अमेरिकी तळाला लागून असलेल्या ओलोंगापोत देहविक्रयाचा मोठा बाजार वाढला. जपानच्या ओकिनावा बेटावर १९९५ साली अमेरिकी सैनिकांनी शाळकरी मुलीवर बलात्कार केला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. मणिपुरात २००४ साली, तेव्हा आसाम रायफल्सचा तळ असलेल्या कांगला किल्ल्यासमोर, मातांनी निर्वस्त्र होऊन निषेध केला. गोव्यात असा उद्रेक झाला नाही, म्हणून इथे हा विषय कोणी काढत नाही. तो काढायला हवा.

पोर्तुगीज अमलाची शेवटची वर्षे पाहा. गोव्यातले कितीतरी पुरुष तेव्हा मुंबईत नोकरीला किंवा बोटीवर असत आणि मागचे घर त्यांनी धाडलेल्या पैशांवर चाले. १९५५ च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली. सीमेवरच्या कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळ्याला उतरणारी रेल्वे थांबली, पैसे पाठवण्याची वाट अडली, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येईना. गोव्यात पोर्तुगालहून आणि आफ्रिकेतून आणलेले सैनिक, आणि त्यांच्या पहाऱ्यात सासू-सासरे, मुले, शेत सांभाळणारी बाई. मुक्तिलढ्याच्या इतिहासात तिला जागा मिळालेली नाही, ही मोठी उणीव आहे. ज्या उघड लढल्या त्यांची नावे तरी आहेत: १९५५ साली म्हापशात अटक होऊन तुरुंगवास भोगलेल्या सुधाताई जोशी, किंवा जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर दाबोळीचा विमानतळ नौदलाकडे गेला. तिथे ‘आयएनएस हंसा’ हा तळ आहे. वास्कोचे गोवा शिपयार्ड युद्धनौका बांधते. नौदलाच्या क्वार्टरमधल्या बाईचा संसार नवऱ्याच्या बदलीबरोबर हलतो: मुलांची शाळा पुन्हा शोधायची, स्वतःची नोकरी पुन्हा सोडायची. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वेश्यावस्ती मुख्यतः मुरगाव बंदराच्या आधाराने वाढली. तिचा सगळा दोष नौदलावर टाकणे अन्यायाचे होईल. पण बाहेरून आलेल्या एकट्या पुरुषांसाठी बायका ‘उपलब्ध’ असाव्यात, हे गृहीत ओलोंगापोसारखेच. जून २००४ मध्ये सरकारने ती वस्ती पाडली. तिथल्या बऱ्याच जणी कर्नाटक-आंध्रातून आलेल्या होत्या. पुनर्वसनाआधी बुलडोझर आला, आणि घर व पोट दोन्ही एकाच वेळी गेले.

अंजदीव हे कारवारजवळचे बेट गोव्याचे. तिथल्या ब्रोतास मातेच्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, कुटुंबेच्या कुटुंबे होडीने जात. कारवारच्या नौदल तळाच्या ‘सीबर्ड’ प्रकल्पासाठी बेट नौदलाच्या ताब्यात गेले, आणि नवस फेडायला जाणाऱ्या बाईलाही परवानगीची गरज पडू लागली.

गणवेशातल्या स्त्रियाही याच चित्रात येतात. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवर नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. कर्तृत्व निःसंशय मोठे. मात्र त्यांच्याच दलात स्त्रियांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, मिळण्यासाठी मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.