पाद्री-पंडितांची कोरीव व्यक्तिचित्रे

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये विद्वान पाद्र्याचा चेहरा दूरवरच्या वाचकापर्यंत पोचायचा तो तांब्याच्या पत्र्यावरून. बहुधा आधी तैलचित्र होई, मग ते पाहून कोरक्या टोकदार हत्याराने पत्र्यावर रेषा ओढी. पत्र्याला शाई फासून वरवरची पुसून टाकत. चरांत उरलेली शाई दाबाखाली ओलसर कागदावर उमटे. छाप उलटा पडतो. कोरताना डावे-उजवे बदलले नाही, तर उजव्या हाताने लिहिणारे पाद्रीबाबा कागदावर डावखुरे होत!

दुसरी पद्धत मेझोटिंटची. हिच्यात दातेरी हत्याराने सगळा पत्रा खडबडीत करतात. तसाच छापला तर कागद मखमली काळा निघतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा घासून गुळगुळीत करायचा. काळ्या झग्यासाठी ही पद्धत जणू बेतूनच काढलेली. पण खडबड लवकर झिजते, म्हणून सुरुवातीच्या प्रतींना मोल जास्त.

मांडणी बरीचशी ठरलेली असे: अंडाकृती चौकट, झगा, गळ्याखाली दोन पांढऱ्या पट्ट्या, डोक्यावर केसांचा टोप, कधी मागे पुस्तकांचे फडताळ. खाली नाव आणि पदव्या. डाव्या कोपऱ्यात चित्रकाराच्या नावापुढे ‘पिंक्सिट’ (रंगवले), उजव्या कोपऱ्यात कोरक्याच्या नावापुढे ‘स्कल्प्सिट’ (कोरले). खरे तर पुष्कळदा चेहऱ्यापेक्षा या ओळीच जास्त बोलतात.

याला सणसणीत अपवाद लॉरेन्स स्टर्न या यॉर्कशायरमधल्या पाद्री-कादंबरीकाराचा. जोशुआ रेनॉल्ड्स यांनी त्यांना १७६० मध्ये रंगवले आणि एडवर्ड फिशर यांनी १७६१ मध्ये त्याचे मेझोटिंट केले. झगा आहे, पट्ट्या आहेत. पण तर्जनी कपाळाला टेकलेली, ओठांवर मिस्कील हसू, आणि टोप किंचित कललेला. धर्मोपदेशक समोरच्याची फिरकी घेतोय असेच वाटते.

अशा चित्रांच्या संग्रहाचे वेड पसरवले तेही एका पाद्र्यानेच. ऑक्सफर्डशायरमधल्या शिपलेकचे जेम्स ग्रेंजर (१७२३–१७७६) यांनी स्वतः सुमारे १४,००० व्यक्तिचित्रे जमवली. १७६९ मध्ये त्यांनी इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास छापला, तो अशा चित्रांच्या आधारे माणसांचे १२ वर्ग पाडून. राजे पहिल्या वर्गात, धर्मगुरू चौथ्या. संग्राहक त्यातली नावे पाहून चित्रे हुडकू लागले, भाव चढले. छापील पुस्तकात बाहेरची चित्रे घालून ते फुगवण्याला पुढे ग्रेंजर यांचेच नाव चिकटले. त्यापायी जुन्या ग्रंथांच्या सुरुवातीला बसलेले कित्येक पाद्री कात्रीने कापून नेले गेले.