संशोधनप्रभाव-मापन

संशोधकाच्या लेखांचा इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला आणि ते ऑनलाइन किती जणांनी वाचले, यांवरून त्याच्या कामाचे वजन ठरवण्याची पद्धत. संदर्भ मोजण्याची पद्धतशीर सोय यूजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्स या संदर्भसूचीने १९६४ मध्ये केली. २००४ मध्ये लेख आणि त्यांचे संदर्भ नोंदवणाऱ्या स्कोपस आणि गूगल स्कॉलर या ऑनलाइन सेवा आल्या. त्यांपैकी गूगल स्कॉलर फुकट असल्यामुळे लहान गावातल्या कॉलेजच्या प्राध्यापकालाही आपले आकडे पाहता येऊ लागले.

सर्वाधिक प्रचलित माप म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक. प्रत्येकी किमान आठ संदर्भ मिळालेले आठ लेख असतील, पण प्रत्येकी किमान नऊ संदर्भ मिळालेले नऊ लेख नसतील, तर तो आठ. वैद्यकात लेखही भराभर निघतात आणि संदर्भही. गणितात दोन्ही सावकाश. त्यामुळे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातला डॉक्टर आणि शहरातल्याच एखाद्या कॉलेजात गणित शिकवणारा प्राध्यापक यांचे निर्देशांक शेजारी ठेवून तुलना करणे सरळ चुकीचे आहे.

संदर्भ जमायला वर्षे लागतात, वाचकसंख्या मात्र महिन्यांत दिसते. मेंडेली या लेख साठवण्याच्या ऑनलाइन साधनात किती जणांनी लेख आपल्या संग्रहात ठेवला, हा त्यातला नेहमीचा आकडा. पण संग्रहात ठेवलेला प्रत्येक लेख वाचला जातोच असे नाही. शिवाय आकडे फुगवताही येतात. स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एका काल्पनिक लेखकाच्या नावाने सहा खोटे दस्तऐवज तयार करून इंटरनेटवर ठेवले. गूगल स्कॉलरने त्यांतून ७७४ संदर्भ मोजले.

या मापांतून काय निसटते, हे नाशिकजवळच्या देवळालीच्या उदाहरणावरून नीट कळते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ तिथे शाळामास्तर होते. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये जाहीर केला. त्यांचे बरेच लेखन लहान नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने छापलेले. १९७५ मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले. आज ‘कापरेकर स्थिरांक’ हा शब्द सर्रास वापरला जातो आणि मूळ लेखाचा संदर्भ बहुधा कुणी देत नाही. ज्ञान इतके रुळले की त्याचा उगम नोंदवणे थांबते, असे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवले होते. अशा माणसाचे मोठेपण एच-निर्देशांकात मावणार नाही, आणि तो दोष त्या मापाचा आहे.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर. स्कोपसमध्ये येण्यासाठी नियतकालिकाला इंग्रजी गोषवारा आणि रोमन लिपीतली संदर्भसूची लागते. निव्वळ मराठीत निघणारे नियतकालिक तिथेच बाद होते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची मराठी स्वयं-अध्ययन पुस्तके विद्यार्थी अभ्यासतात, पण त्या वाचनाची नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही. संशोधकाने दिलेला कांदा-द्राक्षांवरचा सल्ला शेतकऱ्याने बांधावर वापरला, तरी संदर्भाचा आकडा शून्यच.

२०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात या आकड्यावरून, व्यक्तीची पारख करू नये असे सांगितले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण मागितले. हे प्रत्यक्षात येईपर्यंत निदान नोंदी तरी नीट हव्यात. आद्याक्षरे कधी पुढे, कधी मागे, लग्नानंतर बदललेले आडनाव, यांमुळे एकाच व्यक्तीचे लेख दोन-तीन नावांखाली विखुरतात. २०१२ पासून मिळणारा ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक ते एकत्र आणतो, आणि तो संशोधकाला मोफत मिळतो.