विकेंद्रित शासन आणि सार्वजनिक सेवांतील तफावत

केंद्राकडचे अधिकार राज्यांकडे आणि राज्यांचे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवले, की प्रत्येक पातळीवर निवडून आलेली माणसे आपापले अग्रक्रम ठरवू लागतात. त्यामुळे एकाच देशातल्या नागरिकांना मिळणाऱ्या पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रवास अशा सेवांचा दर, दर्जा आणि पात्रता यांत फरक पडतो. यातला काही फरक मतदारांनी निवडलेला असतो. काही फरक हद्द, तिजोरी आणि मनुष्यबळ यांच्या ओढाताणीतून अंगावर आलेला असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्याने हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यात दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. इथे कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन महानगरपालिका, अनेक नगरपालिका व नगरपंचायती, १२ पंचायत समित्या, हजाराच्या घरातल्या ग्रामपंचायती आहेत आणि शेजारी कर्नाटक आहे.

अधिकार, पैसा, माणसे

भारतात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने विषय वाटून दिले आहेत. सार्वजनिक आरोग्य, पाणी आणि स्थानिक शासन राज्यांकडे आहे. शिक्षण १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोन्हींच्या अखत्यारीत, गेले. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला, तर ७४वी १ जून १९९३ला अमलात आली. त्यांतून पंचायतींसाठी २९ आणि नागरी संस्थांसाठी १८ विषयांची यादी आली. मात्र यातले नेमके काय आणि किती सोपवायचे, हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे असल्याने तफावतीचे मूळ कायद्यातच आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना १९५८चा, जिल्हा परिषद व पंचायत समित्यांना १९६१चा आणि नगरपालिकांना १९६५चा कायदा लागू आहे.

विषय सोपवला म्हणजे सेवा मिळाली, असे होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला महाराष्ट्रातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला ठरला. त्यातला ६० टक्के पैसा पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता, म्हणजे तो दुसऱ्या कामाकडे वळवता येत नव्हता. बंधित पैसा किमान सेवेची हमी देतो, पण गावाची गरज स्मशानशेडची किंवा रस्त्याची असेल तर सरपंचाचे हात बांधलेले राहतात. स्वतःच्या उत्पन्नातला फरक तर फारच मोठा आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतीलगतच्या गावाला कारखान्यांच्या करातून जे मिळते, ते गगनबावड्यातल्या डोंगराळ वाडीला घरफाळा आणि पाणीपट्टी पूर्ण वसूल करूनही मिळणार नाही.

तिसरा भाग माणसांचा. कर्नाटकात साधारण ५ ते ७ हजार लोकसंख्येला मिळून एक ग्रामपंचायत असते. त्यामुळे तिथे ग्रामपंचायती सुमारे ६ हजार आहेत, तर महाराष्ट्रात सुमारे २८ हजार. महाराष्ट्रातल्या लहान गावाला स्वतःचा सरपंच मिळतो, पण ग्रामसेवक अनेकदा दोन-तीन गावांत वाटलेला असतो. दाखल्यासाठी तो कोणत्या वारी येतो हे माहीत असावे लागते. कर्नाटकात सदस्य मंडळ गावापासून दूर जाते, पण कार्यालयाला पंचायत विकास अधिकारी असतो.

निवडलेली तफावत

वेगळेपणाची मुभा असली की एखादा प्रदेश पुढे जातो आणि बाकीचे मागून येतात. विकेंद्रीकरणाच्या बाजूने याहून सबळ मुद्दा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला; लगतच्या मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीची नुसती मुभा मिळायला १९१८चा कायदा यावा लागला. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये केला, देशाने २००५मध्ये.

ब्रिटनमध्ये १९९८च्या कायद्यांनी स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडकडे आरोग्य व शिक्षण सोपवले गेले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचे शुल्क वेल्सने २००७मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१०मध्ये आणि स्कॉटलंडने २०११मध्ये बंद केले. इंग्लंडमध्ये ते आजही आहे. स्कॉटलंडमध्ये ६५ वर्षांवरील वृद्धांना दैनंदिन शुश्रूषा २००२पासून मोफत आहे. तिथे तक्रार असते ती पैशांच्या वाटपाबद्दल: लंडनहून मिळणारी रक्कम बार्नेट सूत्राने, म्हणजे इंग्लंडमधल्या खर्चातील बदलाच्या लोकसंख्यानिहाय हिश्शाने हलते. सेवा कोणती द्यायची हे एडिंबरा, म्हणजे स्कॉटलंडचे सरकार, ठरवते, तिजोरीचा बराचसा भाग मात्र इंग्लंडच्या निर्णयांवर फुगतो वा आटतो.

कोल्हापूरची हद्द

कोल्हापूर नगरपालिका १८५४ची, महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ची. शहराचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. महापालिका झाल्यानंतर अनेक दशके हद्दवाढ झाली नाही. वस्ती मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी अशी बाहेर पसरत गेली. गावांचा विरोध समजण्यासारखा आहे. घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील, सतरा सदस्यांच्या पंचायतीऐवजी प्रभागात एखाददुसरा नगरसेवक मिळेल, ही भीती खरी आहे. शहराची बाजूही खरी आहे. केएमटी या शहर बससेवेचा तोटा महापालिका सोसते आणि त्याच बसमध्ये हद्दीबाहेरचे प्रवासी रोज बसतात. २०१७मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले.

यातून उचगावसारख्या गावातल्या एका घराचे कामकाज असे विभागले जाते: बांधकाम परवाना प्राधिकरणाकडे, घरफाळा आणि नमुना ८चा (मिळकतीच्या नोंदीचा) उतारा ग्रामपंचायतीकडे, पाणी प्रादेशिक नळपाणी योजनेचे, शाळा जिल्हा परिषदेची, बस महापालिकेची. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे तो कोणता आहे त्यावर. खड्ड्याची तक्रार चुकीच्या टेबलावर गेली की ती पुढे पाठवली जात नाही, परत येते. म्हणून अर्ज करण्याआधी ग्रामपंचायतीतून रस्त्याची मालकी आणि क्रमांक लेखी घ्यावा, हे जाणकार सांगतात.

पाण्याचे तर मोजमापच वेगळे आहे. शहरी योजनेचा आराखडा माणशी दररोज १३५ लिटर धरून होतो, ग्रामीण जलजीवन मिशनचा ५५ लिटर धरून. काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन नोव्हेंबर २०२३मध्ये कोल्हापूर शहरापर्यंत पोहोचली. हद्दीच्या रेषेपलीकडच्या फ्लॅटमधला माणूस शहरातच नोकरी करतो, पण ग्रामीण मापाने मोजला जातो. ही अंगावर आलेली तफावत. तिच्यावर कुणी मत दिलेले नाही.

लोकप्रतिनिधीच नसतील तर विकेंद्रीकरणाचा गाभाच जातो. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये आणि जिल्हा परिषदेची मार्च २०२२मध्ये संपली, आणि पुढे वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. निवडून आलेले मंडळ नसेल तर वित्त आयोगाचे अनुदानही अडकते, म्हणजे निवडणूक लांबल्याची किंमत थेट गटारीच्या आणि पाण्याच्या कामात मोजावी लागते.

हद्द न मानणारी नदी

पंचगंगेत कोल्हापूरचे नाले, काठच्या गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते आणि ते खाली इचलकरंजीकडे जाते. २०१२मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. महापालिका कसबा बावड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवू शकते. सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीला तसे केंद्र बांधणे आणि त्याचे वीजबिल भरत राहणे जमत नाही. वरच्याने खर्च करायचा आणि लाभ खालच्याला, अशी रचना असली की वरचा हात आखडतो. अशा सेवांना गाव हे एकक पुरत नाही. पूर्ण नदीखोऱ्यासाठी एक यंत्रणा आणि एक निधी लागतो.

पुराचेही तेच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात; पण पाणी ओसरण्याच्या चर्चेत अलमट्टी धरण येतेच, आणि ते कर्नाटकात आहे. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर विसर्गाच्या समन्वयासाठी दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे अधिकाऱ्यांत सतत संपर्क ठेवावा लागतो.

आरोग्य

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे, सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिकेचे, आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) वैद्यकीय शिक्षण विभागाचे. प्राथमिक केंद्राचा निकष सपाट भागात ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येचा आहे. औषधखरेदी आणि भरती प्रत्येकाची वेगळी. एका ठिकाणी जागा रिकामी असली तरी दुसऱ्या खात्याचा डॉक्टर तिथे सहज नेमता येत नाही. सगळा भार शेवटी सीपीआरवर येतो.

कागल–निपाणी सीमा

सीमाभागात सोयरीक, बाजार आणि शेती दोन्हीकडे असते, त्यामुळे राज्यांच्या योजनांतला फरक घराघरात कळतो. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, पण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्या महिलेला हद्दीपुढचे भाडे पूर्ण पडते. कर्नाटकची शक्ती योजना ११ जून २०२३ची. तिच्यात साध्या गाड्यांतला प्रवास मोफत आहे, पण फक्त कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना आणि राज्याच्या आत. कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेतून कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये, तर महाराष्ट्राने २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आणली ती १,५०० रुपयांची, वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. शेतीपंपाची वीज महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत, कर्नाटकात दहा. २०२३मध्ये महाराष्ट्राने मोफत उपचारांची जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्र दावा सांगतो अशा ८६५ गावांना देऊ केली तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. सेवा देणे हा हक्क सांगण्याचाही मार्ग असतो, हे त्या वादात उघड झाले.

रोजच्या व्यवहारात अडचण येते ती कागदपत्रांत. एक देश एक रेशनकार्ड योजनेत दुसऱ्या राज्यात धान्य उचलता येते, पण केंद्राच्या वाट्याचेच. राज्याने वर दिलेले जादा धान्य मिळत नाही. निपाणीकडची मुलगी लग्न होऊन कागलला आली तर आधी माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला घ्यावा लागतो, मग सासरच्या कार्डावर नाव चढते, त्यानंतर आधारवरचा पत्ता. लाडकी बहीणसाठी परराज्यात जन्मलेल्या विवाहितेला पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालते. क्रम उलटा केला, आणि आधीच्या कार्डावर नाव तसेच राहिले, तर नव्या कार्डावर नाव चढत नाही आणि त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या योजना थांबतात.