क्रॉलर ट्रॅक्टर, जुने : अंडरकॅरेजची देखभाल

चाकांऐवजी लोखंडी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या फिरत्या भागांना मिळून अंडरकॅरेज म्हणतात. बोलण्यात नुसती ‘चेन’. दुवे, पिना (दुवे जोडणाऱ्या खिळी), बुश (पिनेभोवतीची नळी), शू (जमिनीला टेकणारी पट्टी), खालचे-वरचे रोलर, पुढचा आयडलर (साखळी ताणून धरणारे मोकळे चाक) व मागचा स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) हे तिचे मुख्य भाग. येथे कॅटरपिलर डी-२, डी-४ अशा विसाव्या शतकाच्या मध्यातील कोरड्या साखळीच्या (जिच्या पिनांत तेल भरलेले नसते अशा) यंत्रांचा विचार केला आहे.

साखळीपट्ट्याचे जनकत्व वादग्रस्त आहे. इंग्रज संशोधक जॉर्ज केली यांचे १८२५ चे एकस्व (पेटंट) काही लेखक आद्य मानतात, पण तेवढ्यावरून ट्रॅक्टरचा आरंभ धरणे ताणलेले वाटते. बेंजामिन होल्ट यांनी नोव्हेंबर १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या मऊ जमिनीत घेतलेली चाचणी सर्वाधिक उद्धृत होते. तथापि अमेरिकेच्या मेन राज्यातील ॲल्विन लोंबार्ड यांच्या ओंडके ओढणाऱ्या वाफयंत्राचे एकस्व १९०१ चे आहे. इंग्लंडमध्ये ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीचे डेव्हिड रॉबर्ट्स यांनीही १९०४ च्या सुमारास स्वतंत्रपणे साखळी बनवली. तिचे हक्क पुढे होल्ट कंपनीनेच घेतले. प्रत्यक्ष वापराच्या दृष्टीने लोंबार्ड यांना अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक ठरते.

देखभालीचा गाभा म्हणजे साखळीचा ‘पिच’, अर्थात दोन लगतच्या पिनांच्या केंद्रांमधील अंतर. पिन व बुशची आतली बाजू एकमेकींवर घासून झिजतात, तसतसे हे अंतर वाढते. साखळी लांबली असे म्हणतात, पण दुवा ताणलेला नसतो. वाढलेला पिच स्प्रॉकेटच्या दात्यांशी जुळत नाही आणि दाते टोकदार होतात. बुशची भिंत चिरण्यापूर्वी पिना व बुश दाबयंत्राने काढून १८०° फिरवून बसवल्यास न झिजलेली बाजू कामाला येते व पिच जवळजवळ पूर्ववत होतो. लांबलेल्या साखळीला नवा स्प्रॉकेट जोडणे मात्र व्यर्थ. अनेक स्प्रॉकेटांत दात्यांची संख्या विषम असते, त्यामुळे बुश दर फेऱ्याला वेगळ्या दात्यांवर बसतात व झीज वाटली जाते. रिव्हर्समध्ये बुश भाराखाली दात्यावर घासत असल्याने झीज वाढते.

कोरड्या पिनांना तेल द्यावे की नाही, याबाबत मालकांत मतभेद आहेत. तेलात वाळू चिकटून घासणारा लगदा तयार होतो, हा आक्षेप वजनदार आहे. ग्रीस निपल (ग्रीस भरायचे तोंड) असलेल्या रोलरांना मात्र नियमित ग्रीस लागते.

आयडलर व वरचा रोलर यांमध्ये साखळीला यंत्रपरत्वे साधारण २५ ते ५० मिमी झोळ ठेवतात. चिखल भरून ती आपोआप आवळते, म्हणून ताण कामाच्या जमिनीतच तपासतात. आयडलरमागची स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. योग्य साधनांशिवाय ती उघडणे प्राणघातक ठरू शकते.

भारतात कांस या खोल मुळांच्या तणगवताच्या निर्मूलनासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अशी यंत्रे वापरली. जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला अशा शेतीयंत्रांसाठी कर्ज दिले होते.