मसल कार विकायचीय? थांबा, आधी तिला चमकवू नका

नमस्कार मंडळी. तुमच्या गॅरेजमध्ये चादरीखाली एखादी मसल कार, म्हंजे साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनची अमेरिकन गाडी, जीटीओ, शेव्हेल, चार्जर नाहीतर मस्टँग उभी असेल आणि आता ती विकायचं मनात आलं असेल तर हे पत्रक तुमच्यासाठीच आहे. आमचं डेट्रॉईटच्या उत्तरेला, वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या जवळच, छोटंसं वर्कशॉप आहे, माणसं तीन, लिफ्ट एक, चहा कायम. आम्ही गाड्या विकत घेत नाही आणि कमिशनही घेत नाही. गाडी बघतो, कागद जुळवतो, विकताना तुम्ही फसणार नाही एवढं बघतो आणि त्याची ठरलेली फी घेतो, बस. त्यामुळे "आत्ता विकू नका" असंही कधीकधी सांगून मोकळे होतो.

आपले कितीतरी काका सत्तर-ऐंशीच्या दशकात इथल्या मोटर कंपन्यांत इंजिनिअर म्हणून आले. तेव्हा या गाड्यांना कोण विचारत होतं, पेट्रोल पिणाऱ्या जुन्या सेकंडहँड गाड्या, कुणी ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्याकडून घेतली, कुणी शेजारच्या आजोबांच्या ड्राइव्हवेमधून उचलली आणि मग ती घरचीच झाली. आता गुडघे म्हणतात क्लच नको, मुलं सिॲटलला नाहीतर ऑस्टिनला, घर काढून काँडोत जायचंय आणि तिथे गॅरेज एकाच गाडीचं. मग आम्हाला फोन येतो, "अहो, गाडी विकायचीय, पण आधी जरा पेंट मारून घेतो, सीटा नव्या करतो, मस्त चकाचक करतो, मग या बघायला."

नका हो. प्लीज नका.

चकाचक केल्याने किंमत का उतरते

एक काका होते, त्यांच्याकडे १९७० ची शेव्हेल, कंपनीतून आलेल्या मूळ रंगातली. रंग थोडा उडालेला, ड्रायव्हरच्या दारावर एक लांब ओरखडा, बाकी गाडी एकदम जशीच्या तशी. आमच्याकडे यायच्या आधीच त्यांनी एका दुकानात नेऊन अख्खी गाडी उघडी केली आणि रंगवून आणली. काम चांगलं झालं होतं, तक्रार ती नाहीच. पण मूळ रंगाची गाडी शोधत फिरणारे जे तीन-चार लोक आमच्या ओळखीचे होते त्यांना फोन केल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, "रंग ओरिजिनल आहे का?" आणि काकांच्या हातात नुसतं बिल. रंग परत कधीही मारता येतो, मूळ रंग मात्र एकदाच असतो, तो घासला की गेला.

अशा न छेडलेल्या गाडीला इथे 'सर्व्हायव्हर' म्हणतात. रिस्टोअर केलेल्या गाडीत आत काय काय लपलंय ते घेणाऱ्याला दिसत नाही, सर्व्हायव्हरमध्ये सगळं उघडं असतं, म्हणून त्याचा विश्वास बसतो. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला मेकमच्या लिलावात १९६८ ची एक हिरवी मस्टँग गेली, हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनच्या सिनेमात वापरलेली, फीसकट ३७ लाख ४० हजार डॉलरला. ती सिनेमाची गाडी, तिची गोष्ट वेगळी, मान्य. पण तिलाही कुणी रंग मारून आणलं नव्हतं, डागांसकट तशीच उभी होती.

आम्ही रंगाची जाडी मीटरने मोजतो. आकडा मिलमध्ये येतो, मिल म्हंजे इंचाचा हजारावा भाग. मूळ रंग साधारण तीन ते सहा मिल, त्यावर दुसऱ्यांदा मारला असेल तर आकडा दुप्पट आणि वीस-तीसच्या पुढे गेला की समजायचं खाली पुट्टी भरलीय. हे घरच्या घरी बघायचं असेल तर फ्रिजवरचा चपटा लोहचुंबक मऊ कपड्यात गुंडाळून मागच्या चाकावरच्या पत्र्याला हळूच लावून बघा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाहीये.

आधी गाडी कुठली आहे ते कळू द्या

जुनी अमेरिकन गाडी म्हंजे मसल कार असं नाही. १९६४ साली पाँटियाकवाल्यांनी मधल्या साईजच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ क्युबिक इंचाचं, म्हंजे ६.४ लिटरचं मोठं व्ही-८, आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. जनरल मोटर्सचा स्वतःचा नियम होता की मधल्या साईजच्या गाडीत ३३० च्या वर जायचं नाही, म्हणून त्यांनी ते ऑप्शन पॅकेज म्हणून आत सरकवलं (आपल्याकडे असं काम बघितलं की म्हणतात, पोरगं पुढे जाणार). तीच जीटीओ. मग रोड रनर, शेव्हेल एसएस, चार्जर आर/टी, सगळे मैदानात उतरले. १९७० ला कळस, ४५४ ची एलएस-६ शेव्हेल कागदावर ४५० हॉर्सपॉवर. १९७१ ला कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून जीएमने कॉम्प्रेशन उतरवलं, इन्शुरन्स महागला, १९७३ ला तेलाची बोंब झाली आणि खेळ आटोपला. १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतही बदलली, ग्रॉसऐवजी नेट, म्हंजे नुसत्या इंजिनची न मोजता गाडीत बसवल्यासारखं सगळं जोडून मोजायची, त्यामुळे १९७२ च्या कागदावरचा आकडा छोटा दिसला तर लगेच हळहळू नका, इंजिन तेवढं काही मेलेलं नाहीये.

कुणीकुणी १९७४ ची मस्टँग टू घेऊन येतात. गोड गाडी आहे, चहा पाजतो, पण त्या वर्षी तिच्यात व्ही-८ मिळतच नव्हतं.

नंबर

१७ आकडी व्हीआयएन, म्हंजे गाडीचा ओळख नंबर, १९८१ पासूनचा, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली भाषा. १९६८ नंतरच्या गाडीत हा नंबर डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूने काचेतून दिसतो. १९६९ च्या जीटीओचा नंबर २४२३७९पी असा सुरू झाला तर २४२ म्हंजे जीटीओ, ३७ म्हंजे दोन दारी हार्डटॉप, ९ म्हंजे १९६९ आणि पी म्हंजे इथलंच पाँटियाक शहर. सुरुवात २३७ ने झाली तर ती पाँटियाकचीच साधी ले मान्स, पुढे जीटीओचा बिल्ला कितीही चमकू दे. फोर्डचा ९एफ०२आर असा दिसला तर १९६९ ची, डिअरबॉर्नच्या कारखान्यातली, स्पोर्ट्सरूफ मस्टँग आणि शेवटचा आर म्हंजे ४२८ कोब्रा जेट, अशी असेल तर गाडी हलवू नका, आम्हीच येतो. डॉजचा एक्सएस२९एल म्हंजे चार्जर आर/टी, ४४० इंजिन.

शेव्हेल एसएसचा मात्र घोटाळा आहे. १९६८ पर्यंत एसएस ३९६ चा नंबर १३८ ने सुरू व्हायचा, १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन झालं, त्यामुळे व्हीआयएन बघून एसएस आहे की साधी मॅलिबू ते कळतच नाही. बाजारात बिल्ले लावून एसएस बनवलेल्या मॅलिबू बऱ्याच फिरतात आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून कागद नसेल तर तो मॅलिबूचा भाव लावतो, तुमची खरी असली तरी.

'मॅचिंग नंबर्स' हा शब्द ऐकला असेल. म्हंजे इंजिन ब्लॉकवर ठोकलेला अर्धा व्हीआयएन गाडीच्या व्हीआयएनशी जुळतो, आणि ब्लॉक ओतल्याची तारीख गाडी बनायच्या थोडी आधीची आहे. ती जागा तेलाने, मळीने भरलेली असते. वायर ब्रश, सँडपेपर काहीही लावू नका!! कारखान्यात ब्लॉक कापताना त्या जागेवर बारीक समांतर रेघा उमटतात आणि कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर त्या रेघा गायब होतात, जाणकार माणूस तेच बघतो. तुम्ही भाबडेपणाने घासलंत तर खऱ्या नंबरवर खोट्याचा संशय येणार. आम्ही चिंधीला थोडं डिग्रीझर लावून पुसतो आणि फोटो काढतो, एवढंच.

बेसमेंटमधले खोके

पैसा इथे असतो. खरंच सांगतो, गाडी बघायच्या आधी आम्ही बेसमेंट बघायला मागतो आणि काकूंना वाटतं हे कोण आले.

पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही गाडी नीट चालावी म्हणून नवीन कार्ब्युरेटर बसवला असेल, चांगलं केलंत, पण जुना कुठेय? रॉचेस्टरचा क्वाड्राजेट असेल तर त्याच्या अंगावर नंबर ठोकलेला असतो, ७०२९ ने सुरू झाला तर तो १९६९ चा, म्हंजे गाडीही १९६९ ची असेल तर तिचाच असायची शक्यता. जुना डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, एअर क्लीनरचं झाकण, मूळ रेडिओ, चाकांच्या टोप्या, स्पेअरमध्ये पडलेला जुना गुडइयर पॉलिग्लास टायर, काही काही टाकू नका. मागे एका घरी खिळ्यांच्या डब्यात शेव्हरलेची छोटीशी धातूची पट्टी सापडली, वॉरंटीसाठी गाडीबरोबर देत असत ती, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, त्यावर गाडीचे, इंजिनचे कोड आणि पहिल्या मालकाचं नाव. काकूंनी ती सामानाच्या बॅगेचा टॅग समजून ठेवली होती.

कागदांचं म्हणाल तर पाँटियाकसाठी पीएचएस, म्हंजे पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या बिलाची नक्कल मिळते, १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हंजे कंपनीच्या नोंदींवरून काढलेली गाडीची माहिती. शेव्हरलेचं तसं नाही, अमेरिकेत विकलेल्या शेव्हेल-कमॅरोची अशी नोंद कंपनी देत नाही, तिथे बिल्ड शीट सापडली तर दिवाळी. ती कारखान्यातल्या कामगारांसाठीची यादी, काम झालं की तशीच गाडीत राहून जायची, शेव्हेलमध्ये बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर, क्रायस्लरच्या गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली. म्हणून सांगतो सीटा स्वतः उघडू नका. पन्नास वर्षांचा कागद पापडासारखा झालेला असतो आणि बहुतेक वेळा उंदराने आधीच अर्धा खाल्लेला असतो.

गंज

मिशिगनचं मीठ. हिवाळ्यात गाडी काढली नसली तरी तुमच्या आधीच्या मालकाने काढली असणार. आम्ही लिफ्टवर घेऊन ट्रंकचा तळ, पायाखालचा पत्रा, मागच्या काचेची खाच आणि मागच्या पॅनलची खालची कड बघतो, मस्टँग असेल तर वायपरखालची पोकळी पण, तिथून पाणी सरळ पायांवर येतं. छपराला व्हिनाइल असेल तर त्याच्याखाली पाणी धरून राहतं आणि वरून मात्र सगळं छान दिसतं. सापडलेला गंज झाकायचा नाही, फोटो काढून जाहिरातीत टाकायचा. लोकांना हे पटत नाही सुरुवातीला. पण घेणारा ओहायोहून पाच तास गाडी चालवत येतो, त्याला भोक आधीच माहीत असेल तर तो भाव करतो, इथे येऊन दिसलं तर सरळ परत जातो.

सुरू करावी का

दोन-चार वर्षं बंद असेल तर नको, टाकीतलं पेट्रोल खराब झालेलं असतं आणि इथेनॉलने जुने रबरी पाइप मऊ पडलेले असतात, गरम इंजिनवर गळलं तर गॅरेजसकट जाईल. नियमित चालवत असाल तर गिऱ्हाईक यायच्या आधी गरम करून ठेवू नका. तो येऊन पहिले हुडवर हात ठेवणार, कोमट लागलं की समजणार काहीतरी लपवताय. त्याच्यासमोर थंड इंजिन सुरू करा, थोडा धूर आला तर येऊ द्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघून ठेवा, २३०९ म्हंजे २००९ चा तेविसावा आठवडा, इतक्या जुन्या टायरवर त्याला हायवेवर नेऊ देऊ नका, नक्षी कितीही खोल दिसू दे.

किंमत आणि गिऱ्हाईक

टीव्हीवरच्या लिलावात काय गेली ते विसरा. तिथे विकणाऱ्याची फी, घेणाऱ्याची फी, गाडी नेण्याचा खर्च, आणि नो रिझर्व्ह, म्हंजे किमान भाव न ठरवता लावली तर समोर दोनच लोक बसलेत म्हणून मिळेल त्या भावाला द्यावी लागते. आम्ही जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या हॅगर्टी कंपनीची एक ते चार अशी प्रत वापरतो. आपली गाडी प्रत्येकाला 'एक' वाटते, 'एक' म्हंजे प्रदर्शनात पारितोषिक घेणारी, घरगुती चांगली गाडी बहुतेक 'तीन' असते आणि त्यात काही वाईट नाही. मूळ रंगाची 'तीन' ही नव्याने रंगवलेल्या 'दोन'पेक्षा लवकर जाताना आम्ही बघितलीय.

विकायला वसंत चांगला, मार्च-एप्रिल. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या जत्रेला, वुडवर्डवर 'फॉर सेल' ची पाटी लावून उभं राहायची हौस असते सगळ्यांना, राहा, मजा येते, पण तिथे खुर्च्या टाकून बसलेले लोक गोष्टी सांगायला येतात, चेक घेऊन नाही. हिस्टॉरिक प्लेट, म्हंजे जुन्या गाडीची खास नंबर प्लेट असली तरी मिशिगनमध्ये ऑगस्टभर गाडी रोजच्या कामाला वापरता येते, तेवढा महिना फिरवून घ्या हवं तर.

पैसे, टायटल

कॅशियर्स चेक खोटा निघू शकतो आणि ते कळायला बँकेला दिवस लागतात, तोपर्यंत गाडी टेनेसीत. वायर, म्हंजे थेट बँकेतून बँकेत पैसे घ्या, नाहीतर घेणाऱ्याबरोबर त्याच्याच बँकेत जाऊन समोर चेक बनवून घ्या. "माझा शिपर येईल, जास्तीचे पैसे पाठवतो, तुम्ही त्याला द्या" असा मेसेज आला की ब्लॉक. रोख कुणी दिलीच तर बँकेत एकदम भरा, दहा हजारांच्या खाली तुकडे करून भरणं हा इथे गुन्हा आहे. नफ्यावर टॅक्स लागतो, आमचं ते काम नाही, सीपीएला विचारा आणि त्यासाठी गेल्या तीस वर्षांतली दुरुस्तीची बिलं शोधून ठेवा.

टायटल, म्हंजे गाडीच्या मालकीचा कागद, कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. काका गेल्यावर काकूंना कळतं की टायटलवर फक्त काकांचंच नाव होतं, मग दोन महिने कागदात जातात. मैलांचा काटा पाचच आकडी असतो, ९९,९९९ नंतर परत शून्यावर येतो, त्यामुळे ४२,००० दिसत असेल आणि खात्री नसेल तर '४२ हजारच चाललीय' असं लिहून देऊ नका. विकताना सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात, जिथे इथे गाड्यांची नोंद होते, घेणाऱ्याबरोबर स्वतः जा, सही केलेल्या टायटलचा फोटो काढून ठेवा.

आणि येताना खिशात स्क्रूड्रायव्हर असू द्या, मिशिगनमध्ये नंबर प्लेट विकणाऱ्याची असते, ती काढून घरी न्यायची.