कोल्हासुर (भयप्रधान रोलप्लेइंग गेममधील खलनायक)

कोल्हासुर : ‘करवीर माहात्म्य’ या पौराणिक ग्रंथातील असुर. अंबाबाईने (महालक्ष्मीने) त्याचा वध केला आणि मरताना त्याने केलेल्या मागणीवरून नगरीला कोल्हापूर हे नाव पडले, अशी परंपरा आहे. या नोंदीत त्याचा विचार भयप्रधान रोलप्लेइंग गेमचा खलनायक म्हणून केला आहे. मराठी खेळाडूंना पिशाच्चांसाठी परदेशी किल्ल्यांकडे पाहण्याची गरज नाही, हे त्याच्या कथेवरून सहज पटते.

रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-सहा जणांनी एकत्र बसून, बोलत बोलत रचलेली गोष्ट. एक जण गेम मास्टर होतो, बाकीचे आपापले पात्र चालवतात आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने हा प्रकार रूढ केला. त्यात राक्षस समोर येतो, लढाई होते, राक्षस मरतो. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने वेगळी वाट धरली. तिथे पात्राचे मन किती शाबूत आहे हेही अंकांत मोजतात आणि भयंकर काही दिसले की ते अंक घटतात. भयखेळातला खलनायक इथून वेगळा झाला. तलवारीने मरणाऱ्याची भीती फार वेळ टिकत नाही. ज्याच्याशी लढण्याआधीच आपण हरलेलो असतो, तो खरा भयावह.

कोल्हासुर नेमका असा आहे. कथेची रूपे अनेक असली तरी गाभा एकच. केशी राक्षसाचा हा मुलगा. त्याच्या चार मुलांचा देवांनी वध केला. त्यांपैकी करवीर नावाच्या मुलावरून क्षेत्राला करवीर म्हणू लागले. पोटची मुले गेल्यावर कोल्हासुर शस्त्र घेऊन धावला नाही. तो तपाला बसला आणि देवी प्रसन्न झाल्यावर तिच्याकडेच वर मागितला, की तिने शंभर वर्षे हे क्षेत्र सोडून जावे. देवी वचनाला बांधलेली, त्यामुळे ती गेली. मग त्याने प्रजेचा छळ मांडला. मुदत संपल्यावर देवी परतली, युद्ध झाले आणि आश्विन शुद्ध पंचमीला तो मारला गेला.

गेम मास्टरने या कथेतून आधी घ्यावी ती ही शंभर वर्षे. पुराणात त्या काळाबद्दल थोडकेच आहे आणि खेळाला जागा तिथेच आहे. देऊळ उभे आहे, आरती होते आहे, पण गाभाऱ्यात ऐकणारे कोणी नाही. हे फक्त एका बापाला माहीत आहे आणि त्याने ते न्याय्य मार्गाने मिळवले आहे. त्याचे दुःख खरे आहे, मागणी नियमात बसणारी आहे, म्हणून त्याला नुसता दुष्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. खेळाडूंच्या पात्रांनाही त्याने हीच वाट दाखवावी: तुमचे गेलेले माणूस, तुमचा अपमान, त्याच्या बदल्यात एखाद्या घराचे रक्षण काढून घ्या. पहिला सौदा पात्राने आपखुशीने केला, तर पुढच्या प्रत्येक मृत्यूत त्याचा वाटा राहतो. मनाचे अंक इतक्या वेगाने दुसऱ्या कशाने घटत नाहीत.

कोल्हासुराचा आणखी एक मुलगा कामाक्ष याची कथा तितकीच उपयोगी. कपिल मुनींचा योगदंड हाती लागल्यावर त्याने देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकले. त्र्यंबोली (टेंबलाई) देवीने हिकमतीने दंड काढून घेतला आणि त्याला मारले. पण विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचे राहून गेले. ती रुसली आणि पूर्वेच्या टेकडीवर नगराकडे पाठ करून बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली. म्हणूनच ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर, आणि त्याचे तुकडे मिळवायला लोकांची झुंबड उडते. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी पी-ढबाक या पारंपरिक वाद्याच्या तालात याच टेकडीवर वाहतात. खेळात कामाक्षाने बदललेली माणसे कळपात ओळखायची असतील, तर सोडवणूक त्र्यंबोलीकडूनच व्हावी, आणि तिचे श्रेय विसरणाऱ्या खेळाडूंना त्याचा त्रास पुढे भोगावा लागावा.

स्थळांना तोटा नाही. रंकाळ्याच्या नंदीबद्दल आख्यायिका आहे, की तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. तो तळ्याला टेकला की प्रलय. खेळाचे घड्याळ म्हणून याहून चांगली कल्पना सुचणे अवघड. सौदा झाला की नंदी एक दाणा जास्त पुढे, एवढे सांगितले तरी मंडळी गप्प होतात. किरणोत्सवात, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीला, मावळतीची किरणे महाद्वारातून मूर्तीपर्यंत पोचतात. असुराला ज्या वेळी हात लावता येत नाही अशी ती घटका ठरवता येते. पन्हाळ्याची तीन मजली अंधारबाव पाठलागासाठी आहेच.

एक गोष्ट मात्र कोल्हापुरात खेळणाऱ्यांनी कटाक्षाने टाळावी. करणी, भानामती करणारी म्हातारी किंवा गावातला भगत यांना खलनायक करू नये. अशा संशयावरून खऱ्या माणसांना मारहाण झाली आहे, त्यांचे जीव गेले आहेत. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो त्यामुळेच. कोल्हासुर पुराणातला आहे, त्याच्या नावाने कोणा शेजाऱ्याकडे बोट जात नाही. अंबाबाईलाही फाशांच्या अंकांत बसवू नये. ती खेळात नसणे हीच तर त्या शंभर वर्षांची भीती आहे. आणि खेळ सुरू करण्यापूर्वी कोणाला कोणता विषय नको ते विचारून घ्यावे. नुकतेच मूल गमावलेले कोणी बसले असेल तर सौद्याचे कारण बदलावे, आणि कोणीही हात वर केला की प्रसंग तिथेच थांबवावा.